गॅसवाला

तो घरी आला की मी शेजाऱ्यांना सांगायचो, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलाय. आता खरं सांगतो, तो ढेकणांचं औषध मारायला यायचा. त्याच्यादेखत मी खोटं बोलायचो आणि तो मान डोलवायचा. फवारण्याआधी पलंगावर टकटक करून म्हणायचा, "चला पाव्हणं, निघा."

कोरोनात मात्र तो नखशिखांत पांढऱ्या पोशाखात आला. आमच्याकडे पेशंट निघाला म्हणून इमारतीत आरडाओरडा झाला. सेक्रेटरी आमच्या दाराला दोरी बांधायला धावले. शेवटी मीच गॅलरीतून ओरडलो, "अहो, कोरोना नाही, ढेकूण झालेत!"

मी शरमेनं आत आलो.

पंप भरता भरता तो हळूच म्हणाला, "लई मनावर घेऊ नका, काका. सेक्रेटरीसायबांकडं मी पंखेवाला असतो."