बाबांना पिवळा दिसलेला कापूस

माझे बाबा आर्वीजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या बैलबंडीतला मूठभर कापूस बोटांनी उलगडून पाहायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या शब्दावर सहसा कोणी वाद घालत नसे.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा त्यांचं हृदय कमजोर झालं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली. रोज एक, शनिवार-रविवार बंद.

मी तेव्हा बी.एस्सी.ला, वनस्पतिशास्त्र घेतलेलं, म्हणजे शहाणपण नुसतं ओसंडून वाहत होतं. ती गोळी एका फुलझाडाच्या पानांपासून करतात, हे मी कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. आमच्या घरी झाडपाल्याचं औषध म्हणजे बिनधोक. थोडं जास्त पोटात गेलं तरी काय बिघडतं, अशीच सगळ्यांची समजूत. शनिवार-रविवारी बाबांना दम जास्त लागतो असं मला वाटलं, आणि ती सुट्टी मी परस्पर रद्द केली. पुढे संध्याकाळचीही एक गोळी सुरू केली. डबी माझ्याच ताब्यात होती.

बाबांचं जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली. मी लिंबाचं सरबत करून देत राहिले.

मग एके दिवशी केंद्रावर त्यांनी सकाळपासून एकेक बंडी खालच्या प्रतीत टाकली. कापूस पिवळा आहे म्हणाले. शेतकरी भडकले, कोणी त्यांच्या इमानावरही घसरलं. वर्षानुवर्षं माल आणणारा एक म्हातारा मात्र जवळ जाऊन हळूच म्हणाला, "साहेब, कापूस तं पांढराच हाय. तुमाले काऊन पिवळा दिसून राह्यला?"

त्यानेच बाबांना घरी आणून सोडलं आणि सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, भिंतही पिवळी दिसते, ताटातला भातही. मी धावत जाऊन पुस्तक उघडलं. त्याच पानावर, खाली, लिहिलेलं होतं: हे औषध जास्त झालं की सगळं पिवळं दिसू लागतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

वर्ध्याला नेलं तेव्हा त्यांची नाडी मध्येच थांबत होती. वेळेआधीच रिकामी होत आलेली डबी पाहून डॉक्टर संतापले. हे पान हृदय चालवतं तसं बंदही पाडतं, म्हणाले. इतक्या गोळ्या दिल्या कोणी? मी तोंड उघडणार तोच बाबा बोलले, "कोणी नाई. मीच घेतल्या."

तिसऱ्या दिवशी बाबा गेले. आईने जन्मभर त्यांच्या हलगर्जीपणाला बोल लावला, आणि मी लावू दिला.