नाही म्हणायचं बटण

गेम वाईट असता तर मला इतका राग आलाच नसता. वाईट गेम मी ढिगाने खेळले आहेत, त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आहेत आणि आठवड्याभरात विसरले आहे. हा गेम चांगला होता. म्हणूनच अजून त्याचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी चेन्नईला आले, गाड्यांच्या कारखान्यात, आणि इथल्याच एका तंजावरी मराठी घरात लग्न करून वेस्ट मांबलममध्ये स्थिरावले. माझं काम गाड्यांच्या सीटा फाटेपर्यंत झिजवून बघायचं. वस्तू कुठे टिकते आणि कुठे दगा देते, हे शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावरही ती सवय जात नाही. त्यात जपानी रोल-प्लेइंग गेम ही माझी कॉलेजपासूनची खोड. चाळिशी उलटलेली बाई संध्याकाळी कुकर लावून राक्षसांशी लढत बसते, हे सासरच्यांना कसं सांगायचं ते नवऱ्याला अजून जमलेलं नाही. तिला टीव्हीवर काहीतरी काम असतं, असं तो सांगतो.

लेक चौदा वर्षांची. ती गायची. तमिळ आणि इंग्रजी तिच्या जिभेवर जास्त सहज येतं, मराठी माझ्यापुरतं. पण गाताना भाषेचा प्रश्न नसायचा. चारचौघांत गाणं तिने गेल्या नवरात्रात सोडलं. नवरात्रात इथे घरोघरी कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. बायका-मुली एकमेकींकडे जातात, हळदकुंकू होतं, हातावर सुंडल पडतं, खोबरं घातलेले वाफवलेले हरभरे. आणि आलेल्या प्रत्येक मुलीला बाहुल्यांपुढे बसवून गायला सांगतात. सांगतात म्हणजे काय, मुलगी मांडी घालून बसली की तिचं गाणं धरलेलंच असतं.

गेल्या वर्षी माझ्या आत्याबाईंकडे, म्हणजे नवऱ्याच्या आत्याकडे, ती अशीच बसली आणि वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. एवढंच. कुणाचा फाटत नाही? पण नात्यातला एक मुलगा फोन धरून उभा होता. त्याने तो नेमका क्षण कापून त्याचं स्टिकर केलं: डोळे मिटलेले, तोंड आ वासलेलं. ते घरच्या ग्रुपवर आलं आणि सगळ्यांना फार आवडलं. कुणाला जांभई आली, टाक स्टिकर. क्रिकेटमध्ये हरलो, टाक स्टिकर. सकाळच्या देवाच्या चित्राखालीसुद्धा माझी पोर तोंड उघडून बसलेली. मी नवऱ्याला म्हटलं, हे बंद करा. तो म्हणाला, गंमत आहे गं, त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही. हेतूचं लोणचं घालायचं आहे का? मी ग्रुप सोडला. त्याची चर्चा महिनाभर झाली, स्टिकर मात्र राहिलं. लेकीने गाण्याचा क्लास सोडला, आणि घरात बाथरूममधून जे गाणं यायचं तेही थांबलं.

त्यानंतर कधीतरी मी हा गेम आणला. विषय तीन गाणाऱ्या मुलींचा. खरं सांगते, मी नाक मुरडूनच सुरू केला. चमचमणारे कपडे, मोठाले डोळे, आणि आपण म्हणजे त्यांचा मॅनेजर, ज्याला चेहरा नाही आणि बोलण्यात मीठ नाही. गोष्ट अशी की एका शहरातल्या लोकांचे आवाज सावल्यांनी गिळले आहेत आणि या तिघी गाऊन ते परत मिळवतात. पण पहिली लढाई सुरू झाली आणि मी ताठ बसले.

कारण लढाई गाण्याची होती, नुसती गाण्याच्या नावाची नव्हे. प्रत्येक मुलीला श्वास मोजका. एक ओळ गायली की तो खर्च होतो. तिघींना आळीपाळीने गायला लावायचं, कुणाला थांबवायचं, कुणी कुणाची ओळ उचलायची, हे सगळं आपण ठरवायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट: जिचा श्वास संपतो तिचा आवाज पार्श्वसंगीतातून गळून जातो. पडद्यावरचे आकडे बघायची गरजच नाही, कोण दमली ते कानाला कळतं. इतकी वर्षं खेळते आहे, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. ज्याने हे केलं त्याला गाणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

लेक आधी लांबून बघायची. मग सोफ्याच्या हातावर येऊन बसली. मग कंट्रोलर तिच्याच हातात गेला, कारण कान तिचा तयार होता. मी चुकीच्या मुलीला गायला लावलं की ती कळवळायची. तिला आवडायची ती तिसरी, अबोल मुलगी, जी मुख्य चाल कधीच गात नाही, खालचा सूर धरून ठेवते. एका संध्याकाळी मी चटणीला खोबरं खवत होते आणि मागून तो खालचा सूर आला. टीव्ही बंद होता. मी खवणं थांबवलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी तशीच खवत राहिले. कित्येक महिन्यांनी या घरात कुणीतरी गुणगुणत होतं.

गेमचे दोष मला तेव्हाही दिसत होते. गल्ल्या सगळ्या सारख्याच, तीच भिंत आणि तोच जिना पुन्हा पुन्हा. इंग्रजी भाषांतर वाळलेल्या भाकरीसारखं. आणि मध्येच, काही कारण नसताना, या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना समुद्रकिनारी नेऊन कॅमेरा जिथे फिरू नये तिथे फिरवलेला. तेव्हा मी कंट्रोलर काढून घेऊन तो भाग पळवला आणि बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. प्रत्येक मुलीच्या नावापुढे श्वासाचा आकडा होता, तसाच हसण्याचाही आकडा होता. ती कमी हसली की चाहते कमी होणार. तरी मी म्हणत राहिले, असू दे, दगडापेक्षा वीट मऊ. त्या गुणगुणण्यासाठी मी काहीही चालवून घेतलं असतं.

मग त्या अबोल मुलीचा अध्याय आला. स्टेजमागे रडतानाचा तिचा फोटो कुणीतरी सगळीकडे पसरवतो. कपडे बदलायच्या खोलीत ती मॅनेजरला म्हणते, मला आज स्टेजवर जायचं नाही. लेक पुढे सरकून बसली. पडद्यावर तीन उत्तरं आली: मला तुझं दुःख समजतं, लोक तुझी वाट बघत आहेत, तू ठरव. लेकीने लगेच 'तू ठरव' निवडलं. मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, मग मी हसत जाईन. आणि गेली.

लेकीने मागे जाऊन पहिलं उत्तर निवडलं. मुलीने डोळे पुसले आणि गेली. दुसरं निवडलं. गेली. शेवटी तिने काहीच न निवडता पडदा तसाच ठेवला, मी भात उतरवून आले तरी तसाच. नंतर तिने कुठलंतरी एक दाबलं. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, मुलीची ताकद वाढली आणि तिला नवीन झगा मिळाला.

"आई, तिला नाही म्हणायचं बटणच नाहीये," लेक म्हणाली आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून उठली.

त्या दिवसानंतर ती गेमला शिवली नाही, आणि घरात पुन्हा चिडीचूप. मी इंटरनेटवर शोधलं, बाकीच्यांना काय वाटलं ते. हा अध्याय हृदयस्पर्शी आहे, असं लोकांनी लिहिलं होतं. आम्ही रडलो म्हणे. रडा! ज्याला दमलेल्या मुलीचा आवाज संगीतातून काढून घ्यायचं सुचलं, त्याला तिला घरी जाऊ द्यायचं सुचत नाही? लढाईत तिने कधी थांबायचं याचा एवढा विचार, आणि खोलीत ती तोंडाने थांबते म्हणाली तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझ्या कामात अशा सीटला आम्ही नापास करतो. वरचं कापड उत्तम, आतला सांगाडा मोडका.

पुढे नवरात्र आलं आणि आत्याबाईंचं बोलावणं आलं. मी म्हटलं, जायचं नाही. नवरा म्हणाला, देवीचं बोलावणं आहे, तासाभराचा प्रश्न आहे, आत्याचं वय झालंय. आमची वादावादी चालू असताना लेक म्हणाली, जाऊया, मी येते. मी म्हटलं, गायला सांगतील. ती म्हणाली, माहितीये. मी पुढे काही विचारलं नाही, कारण तिथे कुणी तोंड उघडलं तर मी काय काय बोलणार याची जुळवाजुळव माझ्या डोक्यात सुरू झाली होती.

आत्याबाई दुष्ट नाहीत, हे लिहिणं भाग आहे. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरतात, तरी स्वतः पायऱ्या रचते, दररोज वेगळं सुंडल करते आणि वाण्या-वाणिणीच्या बाहुल्यांपुढे खरे तांदूळ-डाळ मांडते. त्यांचं मराठी तंजावरचं, माझ्या कानाला पोथीतलं वाटणारं, त्यावर तमिळ हेल. हॉल बायकांनी भरला होता. लेक बाहुल्यांपुढे बसली आणि आत्याबाई म्हणाल्या, "एक लहानसें पाट्टू म्हण गे, देवी ऐकत्ये."

शेजारच्या मामी तमिळमध्ये म्हणाल्या, एवढं काय, आम्ही सगळ्या घरच्याच. दारातून माझा नवरा, माझाच नवरा, म्हणाला, एक कडवं म्हण ना, सुटशील. तीन उत्तरं, शेवट एकच. आणि भिंतीशी तो मुलगा, हातात फोन, फोन वर उचललेला. लेकीने हात गुडघ्यांवर ठेवले, मान वर केली आणि ओठ उघडले.

मी उठले. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला असणार. ती गाणार नाही म्हणाले. फोन खाली ठेव म्हणाले. वर्षभर तुम्ही माझ्या मुलीचं तोंड चिकटवत फिरलात, आता देवीचं नाव पुढे करता, असंही म्हणाले. नवऱ्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याबाई गोंधळून शेजारणीला विचारत होत्या, स्टिकर म्हणजे काय. मी लेकीचा हात धरला आणि कुंकू न लावता, विडा न घेता तिला घेऊन बाहेर पडले. नवरात्रात असं निघून येणं म्हणजे यजमानीण बाईच्या तोंडावर दार आपटण्यासारखं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते केलं.

घरापर्यंतचा रस्ता मी बडबडत चालले. नवरा, फोनवाला, मामी, आणि समुद्रापलीकडची ती गेमवाली मंडळी, कुणालाच सोडलं नाही. फुलांच्या गाडीपाशी लेकीने हात सोडवून घेतला.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

मी विचारलं, काय?

"की मी गाणार नाही. घरून पाठ करून आले होते. तमिळमध्ये पण, मराठीत पण. मी तोंड उघडलं आणि तू उठलीस."

मला आधी तिचाच राग आला. मग आधी सांगायचं नाही का, असं मी म्हटलं. तू विचारलं नाहीस, ती म्हणाली. तिचं खरं होतं, आणि ते खरं होतं याचाही मला राग आला. एक वर्ष मी ज्या सगळ्यांवर जळफळत होते, त्यांनी तिला गायला लावलं होतं. नाही म्हणायची तिची पाळी आली तेव्हा ती मी हिसकावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंचा फोन आला. माझ्या जिभेवर उत्तरं तयार होती, कालच्यापेक्षा जास्त धारदार. त्यांनी फक्त लेकीला फोन दे म्हटलं. माझा हात पुढे जाईना. मग मी फोन दिला आणि तिथेच उभी राहिले, कारण जाववत नव्हतं.

लेक म्हणाली, "येत्ये, आज्जी." मग म्हणाली, "पण गाणार नाही. मला नको वाटतं." कुठलाही जोर नाही, हट्ट नाही, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी सांगावं तसं. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. लेक ऐकत राहिली, दोनदा हो म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, नको तर नको. लवकर ये म्हणाल्या, सुंडल वाटायला हात पाहिजेत."

मी उठून साडी बघायला लागले. कुठली नेसू, हिरवी की परवा घेतलेली, असं तिला विचारलं.

"तू आज नको येऊस, आई," ती म्हणाली, आणि आपली ओढणी शोधायला आत गेली.