आक्काने गाळलेले पाणी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या विधी महाविद्यालयात पर्यावरण कायद्याचा प्रवास शिकवीत होतो. आधी पाण्याचा कायदा आला, मग हवेचा, भोपाळनंतर साऱ्यांना कवेत घेणारा पर्यावरणाचा आणि पुढे स्वतंत्र लवाद... फोन उपडा ठेवून मी तास पूर्ण केला. त्याला आता महिना होईल.

आक्का माझी थोरली चुलत बहीण. संकेश्वरजवळच्या खेड्यात तिला दिली होती. कारखान्याच्या सांडपाण्याने तिथला ओढा काळा पडला, तेव्हा तिच्याच शब्दाखातर गावाने प्रकरण माझ्यासारख्या नवख्या वकिलाकडे सोपवले. मी तिला एवढेच सांगितले, "ओढ्याचं बाटलीभर पाणी घेऊन ये." दुसऱ्या दिवशी ती बसने आली, पदराखाली बाटली धरून. पाणी जवळजवळ नितळ! चौपदरी फडक्यातून तिने ते दोनदा गाळले होते.

"आक्का, काय केलंस हे?"

"मग? जज्जसायबाम्होरं गाळ ठेवायचा व्हय रं? लाज न्हाय वाटत?"

कचेरीत सगळे हसले, तीही हसली. पुढे अर्ज फेटाळला गेला आणि मी गावाला सांगितले... आक्काने पाणी गाळले म्हणून. ते खरे नव्हते. नमुना अधिकाऱ्याने, कारखान्याला कळवून, जागेवर सीलबंद करून घ्यावा लागतो; आक्काने गाळासकट पाणी आणले असते तरी ती बाटली पुरावा ठरली नसती. ते कलम मी वाचलेच नव्हते. आज तेच मी पहिल्या तासाला शिकवतो.

काही वर्षांनी दुसऱ्या वकिलाच्या अर्जावर अधिकारी आले, रीतसर नमुना घेतला गेला, ओढा हळूहळू निवळला. गाव मात्र तिला चिडवीत राहिले, "आक्का, च्या तरी गाळलास न्हवं?" ती हसून कप पुढे करी. मी शेजारी बसून गप्प राहत असे.

बाराव्याला पंगत उठल्यावर तिच्या सुनेजवळ, सुमनजवळ, मी हे सारे कबूल केले. ती शांतपणे म्हणाली, "मामा, आत्तींस्नी ठावं हुतं. सायबानं बाटली सील केली तवा आत्तींनीच त्येला इचारून घेतलं, माझी बाटली चालली असती का म्हणून. मला म्हणाल्या, कुठं बोलू नगंस. वकील हाय त्यो, त्याच्याकडं मग कोण जाईल?"

मी पाणी मागितले. नळाच्या तोंडाला आक्काचे चौपदरी फडके अजून बांधलेले होते. सुमनने त्याखाली तांब्या भरला.

बाहेर सोप्यात तिला चिडवणारी मंडळी बसली होती. तांब्या घेऊन मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि पहिल्यापासून सांगू लागलो.