‘शलाका’ परत मागणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई राऊत यांची आणि माझी पहिली भेट गोड म्हणावी अशी नव्हती. मी वर्ध्यात पदार्थविज्ञान शिकवतो आणि जुने घरगुती संगणक जमवण्याचा मला नाद आहे. हिंगणघाटच्या एका भंगारवाल्याकडे मला एक ‘शलाका’ मिळाली. टीव्हीला जोडायची, कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारी, हिरव्या पत्र्याची पेटी. ती वर्ध्यातल्याच एका बाईंनी बनवली होती हे कळल्यावर पेटी स्कूटरला बांधून मी थेट त्यांचे घर गाठले. ताईंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“चालू केलती का ही?”

“हो. दिवा लागतो, पण चित्र येत नाही.”

“हात कुठं होता तुमचा?”

मी काही सांगण्याआधीच त्यांनी पक्कड घेऊन पेटीची वायर कापून टाकली. मला राग आला. तो दिसलाही असावा, कारण त्या शांतपणे म्हणाल्या, “असल्याच एका पेटीनं एक माणूस मारला, सर. बसा, सांगते.”

नागपूरला अभियांत्रिकी शिकून ताई गावी परतल्या आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानामागच्या खोलीत संगणक बनवू लागल्या. मदतीला शेजारच्या दोन बाया होत्या. तारा जोडायला कथलाचा डाग कसा द्यायचा, हे त्यांना ताईंनीच शिकवले. चौकटीच्या कागदावर ठिपके भरून त्यांनी एकेक देवनागरी अक्षर घडवले आणि ते टीव्हीच्या पडद्यावर आणले. आम्हा जुने संगणक जमवणाऱ्या मंडळींत आजही ‘शलाका’चा विषय निघाला की पहिली आठवण त्या अक्षरांची निघते. एवढ्याशा मेमरीत वेलांटी कशी बसवली असेल, यावर आमचा चहा थंड होतो.

नाचणगावचे दिनकर नत्थुजी भोयर हे तरुण शिक्षक ‘शलाका’च्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी एक. शाळेतल्या मुलांना घरी बोलावून ते प्रत्येकाला पडद्यावर स्वतःचे नाव लिहायला लावत. एका पावसाळ्यात, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यांनी चालू पेटी सरकवायला हात लावला. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे आवरण जळाले होते आणि वीज पत्र्यात उतरली होती. घराला अर्थिंग नव्हते. त्यांच्या पत्नी विमलबाई स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत सगळे संपले होते.

पंचनाम्यात घरातल्या जुन्या वायरिंगचा दोष लिहिला गेला. ताई सुटल्या होत्या. वडिलांनी परोपरीने समजावले, “बाई, तू काऊन अंगावर घेऊन राह्यली? कागदावर आलं ना, वायरिंग खराब व्हतं म्हणून.” ताई नाचणगावला गेल्या. भोयरांच्या ओसरीवर, घरच्या माणसांसमोर त्यांनी पेटी उघडली आणि ट्रान्सफॉर्मरमधले तारेचे जळालेले वेटोळे दाखवले. म्हणाल्या, “दोष माझ्या पेटीत होता. ट्रान्सफॉर्मर बाहेरून आणला होता, पण तो तपासायचं काम माझं होतं.”

विमलबाईंनी एवढेच विचारले, “हे सांगून ते वापस येतीन का?” आणि मग, “ह्या घरी पुन्हा येऊ नका.” ताई त्या घरी पुन्हा गेल्या नाहीत.

त्यानंतर विकलेली प्रत्येक ‘शलाका’ परत मागायला त्या एसटीने हिंडल्या. समुद्रपूर, आर्वी, कुठे कुठे. काहींनी पेटी दिली, काहींनी हसून दारातून वाटेला लावले, काहींनी माळ्यावर दडवून ‘विकली’ म्हणून सांगितले. आम्ही छंदिष्ट आज ज्या पेट्या मिरवतो त्या दडवलेल्यांपैकीच. आलेल्या पेट्या ताईंनी स्वतः फोडल्या आणि कारखाना बंद केला. पुढची सारी वर्षे त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले आणि सवड मिळेल तशा गावोगावच्या शाळांना, घरांना अर्थिंग करून दिले. माझे घर बांधून झाले तेव्हा वास्तुशांतीच्या आधी त्या कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घेऊन हजर झाल्या. अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल नाही म्हणून गवंड्याला तो पुन्हा खणायला लावला. उन्हाळा लागला की अजून त्यांचा फोन येतो, “खड्ड्यात पाणी टाकलं का, सर?”

आमच्या बैठकीला त्या येऊ लागल्या त्या एका अटीवर : प्रत्येक पेटीतला ट्रान्सफॉर्मर बदलायचा आणि तीन पिनांची वायर लावायची. आम्ही पडद्याभोवती जमतो, त्या प्लगजवळ खुर्ची घेऊन बसतात. एकदा आर्वीचे एक स्नेही भारावून म्हणाले, “ताई, तुम्ही थांबला नसता तर आज कुठल्या कुठं असता.” ताई म्हणाल्या, “भोयर सर असते, तर ते कुठं असते?”

साखरेच्या आजाराने आता त्यांची दृष्टी बरीच गेली आहे. डाग देणे सुटले. वेटोळ्यावर नुसती बोटे फिरवून त्या सैल तार ओळखतात. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “नाचणगावला विचारा.”

मी गेलो. विमलबाई आता थकल्या आहेत. त्यांनी सारे ऐकून घेतले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “म्या माफ केलं असं लिहू नका. नाई केलं. पण वायरिंगवर ढकलता आलं असतं, बाईनं नाई ढकललं. पेट्या मागत गावोगाव फिरल्या, ते बी मले मालूम हाय. तुमी लिहा. फकत ‘एक मास्तर’ असं लिहू नका. त्यायचं नाव लिहजा. पुरं.”

परत येऊन हे जसेच्या तसे मी ताईंना सांगितले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. “लिहा मग,” म्हणाल्या.

ताईंना उदंड आयुष्य मिळो, प्रकृती साथ देवो आणि डोळ्यांत उरलेला उजेड त्यांना शेवटपर्यंत पुरो. हा सत्कार त्यांना सुखाचा वाटणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी त्यांनी तो घ्यावा.