विमानासाठी फोडलेला बांध

"दादा गेला..." एवढंच बोलून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन ठेवला. लोणावळ्याहून सोमाटण्याजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत माझे थोरले काका, तात्या, डोळ्यांपुढून हलेनात. तात्या हट्टी, तितकेच मायाळू. पण माया करतानाही आवाज भांडणाचाच. मला ते फार आवडायचे.

मी शाळेत असताना, भातकापणी झाल्यावर, त्यांच्या रिकाम्या खाचरात एक छोटं विमान उतरलं. विमान चालवायला शिकणारी एक पोरगी पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब निघाली होती आणि वाटेत इंजिन बंद पडलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ती भेदरून चाकाला टेकून बसली होती. सगळं गाव विमानाला हात लावण्यात गुंग, तात्यांनी तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि दरडावलं, "आदी दोन घास खा, मग घाबर."

दुसऱ्या दिवशी तिचे शिक्षक मेकॅनिकला घेऊन आले. इंजिन सुरू झालं. पण उडायला जागा पुरेना. पुढं बांध, बांधापलीकडं आमचं खाचर. मुळात ते एकच. वाटणीत मधे बांध पडला आणि दोघा भावांचं बोलणंच तुटलं. आमच्याकडं हातभर बांधापायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तिथं हे काहीच नाही. मेकॅनिक म्हणाला, पंख सोडवू आणि ट्रकमधून नेऊ. पोरगी रडायलाच लागली. तात्यांना ते बघवेना. वाटणीनंतर पहिल्यांदाच ते आमच्या दारात आले.

"बांध फोडावा लागंल."

"तुमच्या वावरात आलंय, तुमी बघा," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"माजं काय न्हाई रं त्यात. पोरगी उडत आलीया, उडतच जाऊ दे तिला."

अण्णा उठले... दोघं दोन टोकांनी खणत निघाले, एकमेकांकडं न बघता. मधोमध गाठ पडल्यावर मात्र पंचाईत झाली. शेवटी तात्यांनी तंबाखू पुढं केली, अण्णांनी चिमूटभर घेतली. शिक्षकांना शेजारी बसवून पोरगी उडाली, ती पुन्हा कधी आली नाही.

समेट झाल्याचं दोघांनीही कधी कबूल केलं नाही. बांध तेवढा परत घातला नाही.

तात्यांचं तेरावं उरकल्यावर त्यांचा मुलगा दत्ता अण्णांजवळ बसला. आता बांध घालून हिस्से वेगळे करून टाकू, असं चाचरत म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं.

"मीबी दर सालाला इचारायचो, दादा, बांध घालू का? तर म्हणायचा, पोरगी परत आली तर कुटं उतरंल?" अण्णांना हुंदका आवरेना. "ती आली तर जागा न्हाई म्हणून कोन सांगंल तिला? मी न्हाई सांगनार."

गेल्या आठवड्यात अण्णांनी आणि दत्तानं भातलावणी केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.