एसीतला अंधार

मंडळी, आज संध्याकाळी पृथ्वीसाठी तासभर दिवे बंद ठेवायचे म्हणून आम्ही नवरा-बायको अंधारात बसलो. एसी लावून!

सासूबाई दारात आल्या. "दिवे बंद अन् एसी चालू? ह्ये कसलं गं? चला वर. मी कवाच पाणी मारलंय."

एसी बंद करून गच्चीवर गेलो. नांदेडच्या उन्हात दिवसभर तापलेली फरशी हळूहळू निवत होती. ओल्या सिमेंटचा वास येत होता. बघता बघता एकेक चांदणी दिसू लागली.

तास केव्हाच संपला. खाली जाऊन दिवा लावायला कोणी उठलं नाही.

बंद दिव्यांनी किती वीज वाचली, ठाऊक नाही. एसी मात्र अजून बंदच आहे. ही पोस्टही गच्चीवरूनच लिहून राहिले.

तुमच्या गच्चीवर शेवटचं पाणी कधी मारलं होतं?