वाळ्याचा वास पात्याला नसतो

"आईच्या माठात असायचा तसला वाळा आणून दाखव, मग बोलू," म्हणत सायलीनं फोन ठेवला.

सायली आमच्याच गल्लीतली. मी रागाच्या भरात कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तिची आई गेली आणि त्यांच्या माठाच्या पाण्याचा वासही गेला. दुकानातल्या जुड्या तिनं हुंगून बाजूला टाकल्या होत्या. मी लगेच किक मारली.

धाराशिवहून बेंबळीमार्गे माकणी. रस्ता मधेमधे उखडलेला. जाऊन-येऊन दोन-अडीचशेचं पेट्रोल धरा, आणि भजी बेंबळीतच खाऊन घ्या. हिवाळा सरताना गेलात तर मुळं काढताना बघायला मिळतील.

माकणीत धरणाच्या अलीकडं वाळा लावणाऱ्या रज्जाकचाचांचं शेत. बांधाला डोक्याइतका उंच वाळा. मी पात चुरगाळून हुंगली. काहीच नाही!

"चाचा, वासच नाही ह्याला. फसवता का?" मी तडकलो, आणि झुपका धरून उपसायलाच लागलो. पातीनं तळहात कापला. झुपका जागचा हलेना.

बांधावर बसलेल्या चाची खदखदून हसल्या. "या अल्ला, गवतासंगं बी भांडतंय हे पोरगं!"

"वास खाली हाय, बाबा," चाचा म्हणाले. "घे कुदळ."

कडेनं चर खणत कमरेइतका खाली गेलो. ओलं ढेकूळ फुटलं आणि वास आला. थंड, गोडसर, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. मुळं केसांच्या जटेसारखी, अजून कुठवर खाली गेलीत ते दिसेना. कुदळ टाकून मी चरातच बसलो. एवढं सगळं पायाखाली, आणि वर नुसतं गवत!

मुळं कापून धुवायला निघालो, तर चाचांनी मनगट धरलं. "आदी ठोंब लाव. त्याच्याबिगर मुळाला पानी लावायचं न्हाय. आमच्यात रीत हाय."

पात छाटून उरलेला खोडाचा ठोंब त्याच चरात परत लावला. दुसरा एक चाचींनी ओल्या फडक्यात बांधून दिला. "हा तिच्या दारात लाव. वास धराया दीड वरीस तरी लागंल."

संध्याकाळी सायलीच्या माठात जुडी सोडली, अंगणात ठोंब लावला. सकाळी मी परत गेलो, तेव्हा तिनं तांब्या भरला, प्यायली, परत भरला. डोळे मिटून "आई," एवढंच म्हणाली.

मग ठोंबाकडं बघत विचारलं, "ह्याचा वास कधी?"

"दीड वर्षानं."

"तेवढं थांबणं होईल तुझ्याच्यानं?"

तोंडावर उत्तर आलं होतं. गिळलं, आणि ठोंबाला पाणी घालायला उठलो.